आजीची गव्हाची कुरडई: भिजवणीपासून वाळवणापर्यंतच्या खुणा

माळवद (धागाकर्ती)

कुरडईच्या पाककृती हल्ली सगळीकडे मिळतात आणि त्यांतील प्रमाणे बहुधा बरोबरही असतात. तरीही पहिल्यांदा करणाऱ्याची कुरडई वाळताना तुटते, तळल्यावर लाल पडते किंवा फुलतच नाही. माझ्या मते याचे कारण असे की, या पदार्थात वाटी-चमच्यापेक्षा खुणांना महत्त्व आहे आणि खुणा लिहून ठेवण्याची आपल्याकडे फारशी पद्धत नव्हती. माझी आजी निरक्षर होती. तिची मापे पायली, शेर, मापटे आणि चिपटे ही होती, वेळ ती उन्हावरून ओळखत असे, आणि चीक, म्हणजे भिजलेल्या गव्हातून काढलेले सत्त्व, शिजला की नाही हे ओल्या बोटाने ठरवत असे. तिच्या हाताखाली काम करताना जे पाहिले ते शक्य तितक्या तपशिलाने येथे मांडते आहे. आपल्या घरची रीत वेगळी असेल तर ती अवश्य लिहावी, कारण वेगळेपणाचे कारण सापडले तर सर्वांनाच उपयोग होईल.

आमचे गाव सोलापूर जिल्ह्यात, बार्शी तालुक्यात. तो सगळा मुलूख रब्बी ज्वारीचा. शेतात मालदांडी आणि ताटात भाकरी हेच वर्षभराचे चित्र होते. गहू विहिरीच्या पाण्यावर, वाफे करून, घरापुरता घेतला जाई. त्यामुळे पोळी सणाची, आणि पायलीभर गहू भिजवून त्यातले केवळ सत्त्व काढून घ्यायचे व बाकीचे गुरांपुढे ठेवायचे ही त्या काळच्या हिशेबाने चैनच होती. ही चैन आजी दरवर्षी न चुकता करी, कारण वर्षभरात घरात येणारे पाहुणे, लेकींची बाळंतपणे, नैवेद्याची ताटे आणि कुणाच्या तरी लग्नाचे रुखवत या सर्वांना कुरडई लागतच असे. पुरणाच्या ताटात कुरडई नसली तर ते ताट आजी अपुरे समजत असे.

गुढीपाडवा झाला की गहू निवडायला घेतला जाई. सुपात पाखडून खडे, काडी आणि किडका दाणा बाजूला काढला जाई, कारण किडका दाणा भिजवणीत लवकर कुजतो आणि त्याचा वास सगळ्या चिकाला लागतो. गहू दोन-तीन पाण्यांनी धुऊन मोठ्या पातेल्यात, दाण्यांच्या वर वीतभर पाणी राहील असा, भिजत घातला जाई. रोज सकाळी जुने पाणी काढून नवे घालायचे. हे पाणी बदलणे ज्यांना कंटाळवाणे वाटते त्यांची कुरडई पुढे आंबट आणि काळपट होते, असे आजीचे स्पष्ट मत होते.

गहू किती दिवस भिजवावा, या प्रश्नावर आजीने कधीही दिवसांत उत्तर दिले नाही. ती एक दाणा अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये धरून दाबी. टरफल एका बाजूला सरकून दुधासारखा पांढरा थेंब बाहेर आला तर गहू तयार. दाणा दबला पण आत कणी लागली तर अजून एक दिवस. आणि दाबण्याआधीच दाणा बोटात विरघळल्यासारखा वाटून उग्र वास आला तर उशीर झाला. चैत्राच्या सुरुवातीला तीन दिवस लागत आणि वैशाखातल्या उन्हात दोन दिवसांतच दाणा दूध सोडी. पाककृतीत ‘तीन दिवस भिजवावे’ एवढेच लिहिलेले असते, आणि मला वाटते पहिली फसगत तिथेच होते.

भिजलेला गहू आमच्या लहानपणी पाट्यावर वाटला जाई. पुढे गावात वाटण्याची यंत्रे आली, हाताने फिरवायची, आणि आम्हां मुलांना त्या दांड्याला लटकण्याचे काम मिळाले. वाटताना भरपूर पाणी घालायचे आणि तो लगदा मोठ्या परातीत कालवून, हाताने चोळून, आधी चाळणीतून व मग पातळ फडक्यातून गाळायचा. चोथा पिळून झाला की तो पुन्हा पाण्यात कालवायचा आणि पुन्हा पिळायचा. पाणी पांढरे निघेनासे झाले की थांबायचे. हे सगळे पांढरे पाणी उंच पातेल्यात झाकून ठेवावे आणि रात्रभर हलवू नये. आम्हां मुलांना त्या खोलीत धावण्याचीही बंदी असे, आणि ही बंदी अतिशयोक्त नव्हती, कारण पातेल्याला धक्का लागला की बसलेला चीक वर येतो.

सकाळी वर पिवळसर निवळ आलेली असे आणि तळाशी पांढरा घट्ट चीक बसलेला असे. निवळ अगदी सावकाश ओतून टाकायची, आणि शेवटी चिकावर जो करडा, चिकट थर दिसतो तोही पळीने काढून घ्यायचा. पुष्कळ जणी हा थर ठेवतात. आजी कधी ठेवत नसे, आणि तिच्या कुरडया तळल्यावर दुधासारख्या पांढऱ्या राहण्याचे मुख्य कारण हेच होते अशी माझी खात्री आहे.

आता शिजवणे. चीक आधी हाताने तळापासून नीट ढवळून एकसारखा करून घ्यायचा आणि मग मोजायचा. घट्ट चीक जितका, तितकेच पाणी. चीक पातळ असेल तर पाणी थोडे कमी. साधारण चार वाट्या चिकाला दीड चमचा मीठ आणि पाव चमचा हिंग पुरतो; मीठ कच्च्या चिकाच्या चवीला थोडे कमीच वाटले पाहिजे, कारण वाळल्यावर खारटपणा वाढतो. पाण्याला उकळी आली की मीठ-हिंग घालून, एकीने चीक बारीक धारेने ओतायचा आणि दुसरीने लाकडी दांड्याने एकाच दिशेने घाटत राहायचे. हे काम एकटीचे नाही. क्षणापूर्वी पाण्यासारखे असलेले मिश्रण एकदम आवळून येते, आणि तेव्हा हात थांबला तर गाठी होतात, ज्या नंतर सोऱ्याच्या छिद्रांत अडकून बसतात. सगळा चीक ओतून झाल्यावर चुलीतली लाकडे मागे ओढून, झाकण ठेवून, निखाऱ्यावर वाफ आणायची. अधूनमधून झाकण काढून घाटायचे. पांढरा रंग जाऊन काचेसारखी झाक आली, गोळा पातेल्याची कड सोडू लागला आणि पाण्यात बुडवलेले बोट लावल्यावर चीक बोटाला चिकटला नाही, की झाले. आजी झाकण काढून धाकट्या काकूला म्हणायची, “बोटाला लागतुया का बघ आधी, मग उतरीव.”

कुरडई घालायची ती चीक गरम असतानाच. पहाटे चारला चूल पेटे ती याचसाठी, की ऊन चढण्याआधी माळवदावर सगळे वाळवण घालून झाले पाहिजे. ज्यांनी माळवद पाहिलेले नाही त्यांच्यासाठी सांगते: लाकडी तुळया, त्यांवर फळ्या किंवा काटक्या आणि त्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर, असे ते सपाट छप्पर असते. वर जुनी नऊवारी सुती लुगडी ओली करून, पिळून अंथरलेली असत. पितळी सोऱ्याला आतून पाण्याचा हात लावून, चिकाचा गोळा भरून, दोन वेढ्यांची कुरडई एका दमात घालायची. आमच्या आळीतल्या बायका सावड धरत. आज आमची कुरडई, उद्या समोरच्यांची, परवा सुतारांची. कामाला आलेल्या प्रत्येकीला घरी जाताना वाटीभर गरम चीक दिला जाई आणि मुलांना तो तिथेच मिळे. वरून तूप आणि साखर हा एक प्रकार, आणि शेंगदाण्याचे कच्चे तेल व लाल तिखट हा दुसरा. मी दुसऱ्या पक्षात होते आणि आजही आहे.

राखण मुलांकडे असे. कावळा, चिमणी, शेळी आणि वावटळ अशा चार शत्रूंवर नजर ठेवायची, दुपारी कुरडया उलटवायच्या, आणि अर्धवट वाळलेल्या, वरून कडक व आतून चिवट अशा कुरडया गुपचूप खायच्या. आजी संध्याकाळी ओळी पाहून किती गेल्या ते ओळखत असे, पण बोलत नसे. पहाटे घालतानाच ती मुलांच्या वाट्याची एक ओळ जास्तीची घालत असे, हे आईने मला खूप उशिरा सांगितले. तीन कडक उन्हे मिळाली की कुरडई खणखणीत वाजते. त्यानंतरच ती डब्यात जाई. या तीन दिवसांत वळीव आला तर मात्र सगळी आळी जिन्याकडे धावे.

सुट्टी संपली की कुर्डुवाडीपर्यंतचा आमचा प्रवास बार्शी लाइट रेल्वेच्या छोट्या गाडीने होई. १८९७ साली सुरू झालेल्या त्या अरुंद रुळांवरून जाताना डबा इतका हले की आई कुरडयांचा पत्र्याचा डबा मांडीवर घेऊन बसे. तरी तळाशी चुरा होतच असे, आणि त्या चुऱ्याचे काय करायचे हेही आजीने ठरवून दिलेले होते. त्याविषयी कुणी विचारले तर स्वतंत्र लिहीन.

---

आखाजी

लेख अतिशय आवडला. मी जळगाव जिल्ह्यातली. आमच्याकडे अक्षय्य तृतीयेला, म्हणजे आमच्या आखाजीला, पितरांच्या नैवेद्यात पुरणपोळी आणि आमरसाबरोबर कुरडई असावीच लागते, त्यामुळे कुरडया त्याच्या आत झालेल्या असाव्यात असा घरोघरी दंडक असे. आमरसात कुरडई चुरून खाणे हा प्रकार ज्यांनी अनुभवलेला नाही त्यांनी या वर्षी जरूर अनुभवावा.

भिजवणीच्या दिवसांविषयी आपण लिहिले ते पटले. माझ्या सासूबाई पुण्याच्या आहेत आणि त्या तीन दिवसांवर ठाम असतात. माझी आजी दोन दिवसांच्या वर गहू ठेवू देत नसे. या एका दिवसावरून आमच्या घरात अनेक वर्षे वाद चालला आहे. आमच्याकडे एप्रिलमध्ये पारा सहज बेचाळीसच्या वर जातो आणि पुण्यात तो त्यामानाने खालीच असतो, हे दोघींच्याही लक्षात कधी आले नाही. आपला परिच्छेद सासूबाईंना वाचून दाखवला. त्यांनी तो ऐकला आणि तीन दिवसच योग्य असे सांगितले.

एक भर घालते. आमच्याकडे चिकात थोडी जाडसर कुटलेली जिरेपूड घालण्याचीही पद्धत आहे. रंग किंचित बदलतो, पण चव फार छान लागते.

---

पाटा वरवंटा

दोन मुद्द्यांवर मतभेद नोंदवतो. पहिला असा की, चोथा गुरांपुढे ठेवणे आमच्या घरी कुणी केले नसते. त्या चोथ्यात लसूण, मिरची, जिरे आणि मीठ वाटून घालून, त्याचे छोटे चपटे सांडगे करून वाळवले जात. आमच्याकडे त्यांना भुसवड्या म्हणतात. तेलात तळून भाकरीबरोबर खाल्ल्या तर कुरडईपेक्षा कमी लागत नाहीत. वाळवणाच्या शेवटच्या ओळी त्यांच्याच असत.

दुसरा मुद्दा पापडखाराचा. आपण तो लिहिलेला नाही. आमच्याकडे चिमूटभर घालतात आणि कुरडई त्यामुळे जास्त फुलते असा अनुभव आहे.

---

माळवद

@पाटा वरवंटा, भुसवड्या आमच्याकडेही होत, परंतु आमच्या दावणीला दोन म्हशी होत्या आणि आजीचा न्यायनिवाडा म्हशींच्या बाजूने असे. शहरात राहणाऱ्यांनी मात्र आपलीच पद्धत उचलावी.

पापडखाराबाबत माझे मत वेगळे आहे. गहू नीट भिजलेला असेल, करडा थर काढलेला असेल आणि चीक पुरा शिजलेला असेल, तर कुरडई त्याच्याशिवायही तिप्पट फुलते. पापडखार थोडा जरी जास्त पडला तरी पिवळेपणा येतो आणि साबणासारखी चव जिभेवर राहते. आजीच्या डब्यात तो फक्त उडदाच्या पापडांसाठी असे. तरीही ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या घालत आले आहेत त्यांच्या कुरडया मी आनंदाने खाते.

---

जुनी वही

मी इमारतीच्या चौथ्या मजल्यावर राहते. गच्चीवर जाण्यास संस्थेची परवानगी नाही, घरात पूर्वेकडची एक छोटी बाल्कनी आहे, आणि मदतीला दुसरे कुणीही नाही. पाटा तर नाहीच. अशा स्थितीत अर्धा किलो गव्हाच्या कुरडया करून पाहाव्यात का? दोन अडचणी विशेष वाटतात. मिक्सरमध्ये गहू वाटला तर कोंडाही बारीक होऊन चिकात उतरेल अशी भीती आहे, आणि एकटीने ओतणे व घाटणे ही दोन्ही कामे कशी करावीत हे समजत नाही. शिवाय भिजवलेल्या गव्हाच्या वासावरून शेजारी तक्रार करतील, ही तिसरी.

---

माळवद

@जुनी वही, अवश्य कराव्यात. अर्धा किलो हे प्रमाण एकटीसाठी अगदी योग्य आहे.

मिक्सर सलग फिरवू नये. भांडे अर्धेच भरावे, दाणे बुडतील एवढे पाणी घालावे आणि बटण थांबत थांबत फिरवावे. दाणा फुटून दूध बाहेर आले पाहिजे, कोंड्याचे पीठ होता कामा नये. टरफले अख्खी दिसत असली तर ते चांगलेच समजावे. उरलेले काम हाताने चोळून होते, म्हणून भरपूर पाण्यात कालवून दोन-तीनदा पिळावे.

एकटीने करताना चीक उकळत्या पाण्यात ओतण्याचा आग्रह सोडावा. जाड बुडाच्या पातेल्यात चीक आणि गार पाणी एकत्र करून, मीठ-हिंग घालून, सुरुवातीपासून मंद आचेवर सतत घाटत न्यावे. वेळ जास्त लागतो, परंतु गाठी होत नाहीत. मिश्रण आवळून आले की झाकण ठेवून पूर्ण वाफ काढण्यास विसरू नये, कारण आवळून येणे म्हणजे शिजणे नव्हे.

वाळवताना जाड प्लास्टिकचा कागद वापरावा. कुरडई वाळली की आपोआप सुटते. पहिला दिवस घरात पंख्याखाली आणि पुढचे दोन-तीन दिवस बाल्कनीत सकाळच्या उन्हात, असे करणाऱ्या मैत्रिणी माझ्या माहितीत आहेत. पूर्वेच्या उन्हाला एखादा दिवस अधिक लागेल. वासाचे म्हणाल, तर दिवसातून दोनदा पाणी बदलल्यास तो पुष्कळ कमी होतो, आणि उरलेल्यासाठी शेजाऱ्यांच्या दारी गरम चिकाची वाटी पाठवून द्यावी.

---

प्रयोगवही

अन्नतंत्रज्ञान हा माझा अभ्यासाचा विषय असल्यामुळे, आजींच्या खुणांमागची कारणे थोडक्यात मांडतो.

चीक म्हणजे मुख्यतः गव्हातील स्टार्च. गहू भिजताना दाणा पाणी शोषतो आणि त्याच वेळी पाण्यात लॅक्टिक आम्ल तयार करणारे जीवाणू वाढतात. आंबण्याच्या या क्रियेमुळे स्टार्चच्या कणांना धरून ठेवणारे प्रथिनांचे जाळे सैल होते, म्हणून दाणा दाबल्यावर दूध बाहेर येते. तापमान वाढले की जीवाणूंचा वेग वाढतो. म्हणून जळगावचे दोन दिवस आणि पुण्याचे तीन दिवस यांत विरोध नाही.

स्टार्चचे कण पाण्यापेक्षा जड असतात, म्हणून तळाशी बसतात. विरघळलेली साखर, आम्ल आणि काही प्रथिने वरच्या निवळीत राहतात, तर चिकावरच्या करड्या थरात प्रथिने आणि बारीक कोंडा असतो. साखर आणि प्रथिने एकत्र आली की तळताना तांबूस रंग येतो. म्हणजे तो थर काढून टाकण्याचा आजींचा आग्रह कुरडईच्या पांढऱ्या रंगाशी थेट जोडलेला आहे.

गव्हाचा स्टार्च साधारणपणे ६० अंश सेल्सियसच्या आसपास पाणी शोषून फुगू लागतो. पाणी उकळते असेल तर चीक पडताक्षणीच बाहेरून फुगतो आणि आतला भाग कोरडा राहतो. त्यालाच आपण गाठ म्हणतो. गार पाण्यापासून सुरुवात केली तर सगळे कण एकाच वेळी फुगतात, म्हणून एकटीसाठी सुचवलेली पद्धत शास्त्रीयदृष्ट्याही सोयीची आहे. पूर्ण न शिजलेला चीक वाळताना नीट बांधला जात नाही आणि कुरडई तुटते. वाळलेल्या कुरडईत थोडा ओलावा उरलेला असतो. गरम तेलात त्याची एकदम वाफ होते आणि तीच कुरडईला फुलवते. म्हणून तेल पुरेसे तापलेले असणे आवश्यक आहे.

एक सावधगिरीची सूचना. ग्लुटेनचा, म्हणजे गव्हातील चिवट प्रथिनाचा, मोठा भाग चोथ्यात राहत असला, तरी घरच्या पद्धतीने काढलेला चीक ग्लुटेनमुक्त नसतो. सिलिअॅक आजार (ज्यात ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होते) असलेल्यांनी गव्हाची कुरडई खाऊ नये.

---

आगळ

कोकणातून एक छोटी नोंद. आमच्याकडे गहू पिकत नाही, त्यामुळे आमच्या आजीच्या कुरडया तांदळाच्या असत आणि उन्हाळ्याचा खरा जोर फणसपोळी, आंबापोळी व कोकमांवर असे. सिलिअॅकचा उल्लेख वाचून सुचले, की अशा मंडळींना तांदळाची कुरडई चालू शकेल. मात्र ती गव्हाच्या सोऱ्यात किंवा गव्हाचे काही तळलेल्या तेलात करू नये.

---

पांढरी माती

मी धाराशिव जिल्ह्यातला, वयाने आपणांपैकी बहुतेकांपेक्षा मोठा. माळवद, सावड आणि कच्च्या तेलातला चीक वाचून बरे वाटले. एक गोष्ट तरुण वाचकांसाठी लिहून ठेवतो.

कुरडईला गहू लागतो हे सर्वांना दिसते, पण तिला पाणी किती लागते याचा विचार सहसा होत नाही. रोजचे पाणी बदलणे, वाटणे, तीन-तीनदा पिळणे, निवळ ओतून देणे, आणि शेवटी सगळी भांडी व लुगडी धुणे. १९७२च्या दुष्काळात आमच्या गावात विहिरींनी तळ दाखवला होता. रेशनवर लाल मिलो ज्वारी मिळे. मोठी माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडायला जात आणि मुलांना तिथली सुकडी मिळे. त्या काळात आमच्या आळीत कुणाच्याही माळवदावर वाळवण पडले नाही. माझ्या आईने आदल्या वर्षीच्या उरलेल्या कुरडया एका मडक्यात जपून ठेवल्या होत्या. बहिणीचे लग्न ठरले तेव्हा रुखवतात त्याच मांडल्या. व्याह्यांनी त्या ओळखल्या असणार, कारण जुन्या कुरडईचा रंग पिवळसर होतो, परंतु त्यांच्याही घरी तीच स्थिती असल्यामुळे कुणी काही बोलले नाही.

पाऊस बरा झाल्यावर, हाती गहू आला तेव्हा, आईने नेहमीच्या दुप्पट गहू भिजवला. घरात इतक्या कुरडया कशासाठी, असे वडिलांनी विचारले. तिने उत्तर दिले नाही आणि वाटणाला बसली.

---

आखाजी

@पांढरी माती, मडक्यातल्या कुरडयांविषयी आपण लिहिले ते वाचून एक विचारावेसे वाटते. कुरडया किती काळ टिकतात? आमच्याकडे पावसाळ्यात त्या सादळतात आणि मग फुलत नाहीत.

---

पांढरी माती

पूर्ण वाळलेल्या आणि हवाबंद ठेवलेल्या कुरडया दोन वर्षे सहज टिकतात. मडक्याचे तोंड फडक्याने बांधून वरून शेणामातीने लिंपत असत. आता घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा पुरतो. सादळलेल्या कुरडया टाकून देऊ नयेत. पावसाने उघडीप दिली की एक कडक ऊन दाखवावे, पुन्हा पूर्वीसारख्या फुलतात. डब्यातून काढताना हात कोरडा असावा, एवढे पथ्य पाळावे.

---

जुनी वही

अर्धा किलो गव्हाच्या कुरडया करून झाल्या. गार पाण्यापासून शिजवण्याची पद्धत उत्तम जमली आणि एकही गाठ झाली नाही. तळल्यावर रंग पांढरा आला. आकार मात्र विचित्र झाले आहेत, कारण सोऱ्या फिरवण्याचा हात अजून बसलेला नाही, आणि उलटवताना पुष्कळ तुटल्या. शेजारच्या काकूंना चिकाची वाटी दिली तेव्हा त्यांनी वासाची तक्रार तर केली नाहीच, उलट पुढच्या वेळी आपल्यालाही बोलवावे असे सांगितले. त्या मूळच्या नगर जिल्ह्यातल्या आहेत आणि त्यांच्याकडे पाट-सोऱ्या आहे.

आता माझ्याकडे डबाभर चुरा आहे. धाग्याच्या सुरुवातीला आपण त्याविषयी लिहिण्याचे कबूल केले होते, तेव्हा ते आता लिहावे ही विनंती.

---

माळवद

@जुनी वही, अभिनंदन. नगरच्या काकूंना सोडू नका.

चुऱ्याची भाजी करतात. आषाढ-श्रावणात, शेतात चिखल आणि बाजारला जाणे अवघड अशा दिवसांत, आजीच्या घरी ही भाजी आठवड्यातून एकदा तरी असे. दोन वाट्या चुरा कोमट पाण्यात भिजवावा. बोटाने दाबल्यावर मऊ लागला, पण तुटला नाही, की लगेच चाळणीत काढून निथळू द्यावा. जास्त वेळ राहिला तर त्याचा पुन्हा चीक होतो. कढईत दोन चमचे तेल तापवून मोहरी, जिरे, ठेचलेला लसूण आणि दोन कांदे उभे चिरून परतावेत. कांदा गुलाबी झाला की हळद, तिखट आणि जाडसर शेंगदाण्याचे कूट घालावे, मग निथळलेला चुरा घालून हलक्या हाताने हलवावे. मीठ शेवटी आणि चव पाहूनच घालावे, कारण कुरडईत ते आधीच असते. झाकण ठेवून एक वाफ आली की उतरवावे, वर कोथिंबीर घालावी.

भाकरी ज्वारीची असावी आणि ती गरम असावी. भाजी गार झाली की तिचा गोळा होतो, त्यामुळे मंडळी पानावर बसल्यावरच फोडणी करावी.